तारो नावाचा थोरला

जपानमध्ये बँकेत, टपाल कचेरीत किंवा नगरपालिकेच्या खिडकीशी गेलं की कोऱ्या अर्जांशेजारी एक भरलेला अर्ज नमुना म्हणून ठेवलेला असतो. नाव कुठे, पत्ता कुठे, शिक्का कुठे हे लोकांना कळावं म्हणून. त्या नमुन्यावरच्या गृहस्थांचं नाव पुष्कळदा यामादा तारो असतं. बाई असतील तर यामादा हानाको. यामादा तारोंची जन्मतारीख, पत्ता, फोन क्रमांक सगळं कुणीतरी टेबलाशी बसून रचलेलं. साऱ्या देशाला ठाऊक असलेला हा माणूस प्रत्यक्षात भेटणं मात्र दिवसेंदिवस कठीण होत चाललंय.

मी पुण्यात जपानी शिकवते आणि आठवड्यातले काही दिवस चाकणच्या कारखान्यांत दुभाषी म्हणून जाते. या कामात व्हिजिटिंग कार्डं फार साठतात, कारण जपानी माणूस कार्ड दिल्याशिवाय बोलायलाच सुरुवात करत नाही. दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं आणि बैठक संपेपर्यंत समोर मांडून ठेवायचं. माझ्याकडच्या गठ्ठ्यात केन्तारो आहेत, शिन्तारो आहेत, र्‍योतारो तर बरेच. नुसते ‘तारो’ एकच. साच्यांच्या विभागातले, पन्नाशीच्या आसपासचे इंजिनिअर. जपानी कचेरीत सगळे एकमेकांना आडनावाने हाक मारतात, त्यामुळे कार्ड नसतं तर त्यांचं नाव मला कधी कळलंही नसतं. मी कार्ड वाचून मान वर केली तेव्हा तेच म्हणाले, “हो, खरंच तारो.” तरुणपणी एका खिडकीवरच्या बाईंनी त्यांचा अर्ज परत करताना हसून सांगितलं होतं म्हणे, की नमुन्यातलं नाव नको, आपलं स्वतःचं लिहा.

मराठीत बंडूचं झालं तेच हे. विनोदातला, गणिताच्या उदाहरणातला, खोड्या करणारा मुलगा बंडू किंवा गण्या. आज बारशाला बाळाचं नाव बंडू ठेवायला किती आईबाप तयार होतील? पण बंडू मुळात लाडाचं नाव. तारोची सुरुवात लाडातून झालेली नाही, मोजणीतून झाली.

हे नाव दोन चिनी चिन्हांनी लिहितात. पहिलं चिन्ह ‘मोठा’ या अर्थाचं. मोठ्याच्या पायाशी एक ठिपका दिला की झालं. दुसरं ‘रो’, म्हणजे तरुण, मुलगा. दोन्ही मिळून थोरला मुलगा. उच्चारताना शेवटचा ‘ओ’ चांगला लांबवायचा. त्याच्या पाठचा तो जिरो, तिसरा साबुरो, चौथा शिरो, मग गोरो, रोकुरो, शिचिरो, हाचिरो, कुरो आणि दहावा जुरो. अकरावा झाला तर? त्याचीही सोय आहे. नासु नो योइची हा जपानी इतिहासातला नामांकित तिरंदाज. ११८५ साली याशिमाच्या लढाईत शत्रूच्या होडीवर काठीला बांधलेला पंखा त्याने किनाऱ्यावरून एका बाणात उडवला, ही कथा तिथली लहान मुलंही सांगतात. ‘योइची’ म्हणजे दहा होऊन वर उरलेला एक. बाप अकराव्यापर्यंत मोजत राहिला!

अकराव्या-बाराव्या शतकातल्या सामुराई घराण्यांत ही मोजणी मानाची होती. मिनामोतो घराण्यातला योशिइए (१०३९ ते ११०६) हा मोठा योद्धा. हाचिमान या युद्धदेवतेच्या देवळात त्याचा वयात येण्याचा विधी झाला, म्हणून तो हाचिमान तारो. पाठच्या भावाचा विधी कामो देवळात झाला, तो कामो जिरो. धाकट्याचा शिन्रा देवतेपुढे, तो शिन्रा साबुरो. देवळाचं नाव आणि घरातला क्रमांक. एवढ्यावर माणूस ओळखला जाई. याच घराण्यातला पुढचा लाडका वीर योशित्सुने बापाचा नववा मुलगा, म्हणून ‘कुरो’. लोकांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी नद्यांनाही भावंडं करून टाकलं. कान्तो पठारावरची तोने नदी बांदो तारो, क्यूशू बेटावरची चिकुगो नदी त्सुकुशी जिरो आणि शिकोकूची योशिनो नदी शिकोकू साबुरो. पुराच्या वेळी दांडगाई करणाऱ्या या तिघी. नद्यांना भाऊ मानायचं आपल्याकडे कुणाच्या मनातही येणार नाही. आपल्या मुळा-मुठा मुकाट्याने मुलीच राहिल्या.

तारो हे त्या योद्ध्याचं खरं नाव नव्हतंच, योशिइए हे होतं. पण खरं नाव तोंडाने घ्यायचं नाही असा दंडक होता. ते लिहायचं, दस्तऐवजावर यायचं, माणूस मेल्यावर उच्चारायचं. जिवंत माणसाला त्या नावाने हाक मारणं म्हणजे उद्धटपणा. आईबाप किंवा धनी असेल तरच चालायचं. बाकी जगाने रोजच्या नावाने बोलवायचं, आणि ते रोजचं नाव तारो, जिरो, साबुरो असं.

हे सांगायला लागले की माझ्या वर्गातले पुण्याचे विद्यार्थी जराही चकित होत नाहीत. ज्या घरात आजीने जन्मभर आजोबांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं, तिथल्या मुलांना यात नवल ते काय? आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल होती, आणि मग आजीला ते उच्चारता येत नाही म्हणून घरात त्या पोराला नाना नाहीतर बापू म्हणायचे. पेशव्यांच्या घरातच बघा. बाळाजी विश्वनाथांचा नातू पुन्हा बाळाजी, पण तो सगळ्यांचा नाना, इतिहासातही नानासाहेबच. सदाशिवराव भाऊ. रघुनाथराव दादा. चिमाजी तर अप्पा हे शेपूट लावल्याशिवाय पुरे वाटतच नाहीत. आणि एकाच घराण्यात तीच नावं फिरून आली की इतिहासकार काय करतात? थोरले बाजीराव, थोरले माधवराव, दुसरे बाजीराव, सवाई माधवराव. हाचिमान तारोला शनिवारवाड्यावर आणून उभं केलं असतं तर त्याला ही व्यवस्था पहिल्या दिवशी समजली असती.

जपानमध्ये घोटाळा झाला तो सरकारी कागदामुळे. १८६८ नंतरच्या मेइजी सरकारला प्रत्येक माणूस मोजायचा होता, कर घ्यायचा होता, सैन्यात भरती करायची होती. एका माणसाला बालपणाचं एक नाव, वयात आल्यावरचं दुसरं, रोजचं तिसरं आणि लपवलेलं चौथं असेल तर कुणाला पकडणार? १८७२ मध्ये देशभर कुटुंबनोंदणी झाली आणि त्याच वर्षी फर्मान निघालं, की रोजचं आणि खरं यातलं एकच ठेवा, आणि ते बदलू नका. १८७५ मध्ये आडनावही सक्तीचं झालं. कुणी भारदस्त खरं नाव निवडलं, कुणी रोजचं तारो-जिरो कायम केलं. या गडबडीच्या काळातली एक गंमत प्रसिद्ध आहे. साइगो ताकामोरी हा मेइजी सरकार आणणाऱ्या क्रांतीतला मोठा सेनानी. मित्रमंडळींत तो किचिनोसुके. दरबारी कागदावर खरं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तो गावात नव्हता, आणि ज्या मित्राने लिहून दिलं त्याने चुकून त्याच्या बापाचं नाव दिलं. साइगोने ते तसंच चालवलं. तोक्योच्या उएनो बागेत कुत्र्यासह उभा असलेला त्याचा पुतळा आजही बापाच्या नावाने उभा आहे.

थोडक्यात, हाकेचं नाव तेव्हा पहिल्यांदा कागदावर घट्ट बसलं. त्याआधीच तारोची उतरंड सुरू झाली होती. क्योगेन या जुन्या विनोदी नाट्यात मालकाच्या नोकराचं ठरलेलं नाव तारो काजा, त्याच्या जोडीदाराचं जिरो काजा. आपल्या वगातल्या सोंगाड्याचा हा जपानी भाऊबंद. ‘बुसु’ नावाच्या नाटुकल्यात मालक बाहेर जाताना सांगतो की त्या भांड्यात जहाल विष आहे, तिकडे फिरकू नका. भांड्यात असते साखर. दोघं ती चाटूनपुसून खातात, मालकाचं मौल्यवान चित्र फाडतात, चहाचा वाडगा फोडतात, आणि तो परत आल्यावर गळा काढून रडतात: एवढं नुकसान झालं म्हणून जीव द्यायला विष खाल्लं हो, पण मेलोच नाही! घोड्यावरचा तारो नोकर झाला, मग प्रत्येक कुणीतरी झाला. बेकार भटकणाऱ्याला आजही जपानी बोलीत ‘पू-तारो’ म्हणतात.

पण तारो टिकला तो गोष्टींमुळे, आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट पुण्याच्या अंगणात येऊन पोचलेली आहे. सिंहगड रस्त्यावर पर्वतीच्या पायथ्याशी जी बाग आहे तिला सगळे ‘पु. ल. देशपांडे उद्यान’ म्हणतात. पाटीवर दुसरंही नाव आहे, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. २००६ मध्ये ती सुरू झाली. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती रचलेली आहे. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ ते १७०० या काळात ती मूळ बाग करवून घेतली. जपानमधल्या तीन श्रेष्ठ बागांत तिची गणना होते. आपल्या बागेला पुलंचं नाव शोभतं, एक तर त्यांनी ‘पूर्वरंग’मध्ये जपानचा प्रवास लिहिला म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्यांना स्वतःला जवळची माणसं ‘भाई’ म्हणत म्हणून. पुरुषोत्तम हे नाव कागदावर, भाई हे हाकेला.

ओकायामा हे मोमोतारोचं गाव. ‘मोमो’ म्हणजे पीच हे फळ. एका म्हाताऱ्या जोडप्याला मूल नव्हतं. आजोबा डोंगरात लाकडं तोडायला गेले, आजी नदीवर धुणं धुवायला गेली, तर वरून एक भलंमोठं पीच डुलत डुलत वाहत आलं. घरी आणून कापायला घेतलं तर आत मुलगा. पीचमधून आलेला थोरला, म्हणून मोमोतारो. मोठा झाल्यावर ओनिगाशिमा या बेटावरच्या राक्षसांना ठेचायला तो निघतो. कमरेला आजीने केलेल्या किबी दांगो नावाच्या गोळ्यांची पुरचुंडी. वाटेत कुत्रा, माकड आणि फेजंट पक्षी भेटतात. एकेक गोळी घेऊन त्याचे सोबती होतात. राक्षस हरतात, खजिना घरी येतो.

किबी म्हणजे एक भरडधान्य, आणि किबी हेच ओकायामाच्या मुलखाचं जुनं नाव, त्यामुळे ओकायामाकरांनी या पोरावर हक्क सांगितला. आइचीतल्या इनुयामाचा आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या ताकामात्सूचाही तसाच दावा आहे, पण ओकायामाने बाजी मारली. स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा, समोरचा हमरस्ता मोमोतारोच्या नावाचा, विमानतळाचंही लाडाचं नाव तेच. तिकडून येणारा पाहुणा किबी दांगोचा चपटा खोका हटकून आणतो. मऊ, किंचित चिवट, पिठी लावलेल्या गोड गोळ्या. ओकायामा प्रांतातल्या कोजिमा भागात जीन्सचं कापड विणतात, त्यातल्या एका छापाचं नाव मोमोतारो. जपानभर खपणाऱ्या गुलाबी टोमॅटोच्या जातीचंही मोमोतारो. ती १९८५ सालची.

ही गोष्ट मुलांना सांगताना मी मागची हकीकतही सांगते, कारण ती जास्त चविष्ट आहे. मेइजीच्या आधीच्या एदो काळातल्या जुन्या पुस्तकांत पीचमधून मूल येत नाही. म्हातारा-म्हातारी ते फळ खातात, तरुण होतात, आणि मग व्हायचं ते होऊन रीतसर मूल जन्माला येतं. मेइजी काळात गोष्ट शाळेच्या पुस्तकात गेली तेव्हा गुरुजींची पंचाईत झाली असणार. मूल थेट फळात बसवलं गेलं. त्याच काळातले विचारवंत फुकुझावा युकिची यांनी स्वतःच्या मुलांसाठी लिहिलेल्या धड्यांत मोमोतारोला चक्क चोर म्हटलं. राक्षसांचा खजिना राक्षसांचा होता, तो लुटून आणायचं याला काय कारण? १९२४ मध्ये आकुतागावा र्‍युनोसुके या कथाकाराने त्याहून कडू कथा लिहिली, तिच्यात राक्षस शांतताप्रिय आणि मोमोतारो धाडदिशी चालून जाणारा. आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये जपानी आरमाराच्या पैशाने निघालेला, जपानचा पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट झळकला तो मोमोतारोचाच. सेनापती मोमोतारो, सैनिक प्राणी, आणि राक्षस म्हणजे गोरे लोक. इतकी वर्षं आजीच्या मांडीवर ऐकलेलं नाव असेल तर ते कोणत्याही कामाला जुंपता येतं. याबाबतीत आपणही कुणाला हसू नये.

ओकायामाचं आणखी एक नाव महाराष्ट्रात रुजलं आहे, तेही जाता जाता सांगते. १९३५ मध्ये ओकायामा प्रांतात जन्मलेल्या एका मुलाचं नाव मिनोरु होतं, म्हणजे फळाला येणं. तो भिक्खू झाला, शूरेइ हे धर्मनाव घेतलं, १९६०च्या दशकात भारतात आला आणि नागपूरचाच होऊन राहिला. भदंत सुरेई ससाई. १९८८ मध्ये त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं आणि आर्य नागार्जुन हे आणखी एक नाव जोडलं गेलं. मेइजी सरकारने एकाच नावाचा हट्ट धरला, पण ही चार नावं एका माणसात सुखाने नांदतात.

वाईट नाव ठेवून मूल वाचवायची आपली रीतही तिकडे होती. पहिली मुलं दगावली की नंतरच्याला धोंडू, दगडू, केरू म्हणायचं, उकिरड्यावर ठेवल्यासारखं करून उचलून आणायचं. म्हणजे यमाला वाटावं, याच्यात घेण्यासारखं काही नाही. पुण्याचे गणिती केरूनाना छत्रे आणि महर्षी धोंडो केशव कर्वे ही नावं आपण इतक्या आदराने घेतो की त्यातला केर आणि धोंडा आता ऐकूही येत नाही. सारा जपान एका सत्तेखाली आणणारा तोयोतोमी हिदेयोशी पन्नाशी उलटल्यावर बाप झाला, तेव्हा त्याने १५८९ मध्ये जन्मलेल्या मुलाला ‘सुते’ म्हटलं, म्हणजे टाकलेला. तो दोन वर्षांत गेला. १५९३ मध्ये दुसरा झाला. त्याला खरोखरच एका सरदाराकरवी टाकवून परत उचलून आणवलं आणि नाव दिलं ‘हिरोइ’, सापडलेला. सोन्याच्या खोलीत चहा पिणारा हा माणूस, पण मुलाच्या जिवापुढे त्याची अक्कल आपल्या खेड्यातल्या आजीपेक्षा वेगळी चालली नाही.

आता तारो दुर्मीळ का झाला याकडे येते. एक आयुर्विमा कंपनी १९१२ पासूनची नावांची क्रमवारी प्रसिद्ध करते, ती वाचणं म्हणजे जपानचा इतिहास पाळण्याच्या दोरीवरून वाचणं. १९१२ हे ताइशो सम्राटाचं पहिलं वर्ष, ‘ताइशो’तलं दुसरं चिन्ह ‘शो’ घेऊन मुलांमध्ये अव्वल नाव शोइची, म्हणजे शो-एक. पुढच्या वर्षी शोजी, त्यापुढच्या वर्षी शोझो. मोजणी इथेही आहेच, पण ती आता घरातल्या मुलांची नाही, राजाच्या वर्षांची. युद्धाच्या १९४२ ते १९४५ या सालांत अव्वल मासारु, अर्थ विजय. हरल्यावर लोकांना दुसरं काही हवं झालं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीसेक वर्षं माकोतो, म्हणजे सचोटी, वारंवार वर राहिलं. गेली पंधराएक वर्षं हारुतो हा उच्चार शिखरावर आहे. तारो या शर्यतीत कुठेच नाही.

याचं एक कारण कायद्यात आहे. १८९८ च्या नागरी कायद्याने घराची सत्ता, जमीन आणि पितरांची वेदी थोरल्या मुलाकडे दिली होती. थोरला असणं हा हुद्दा होता, आणि तारो-जिरो हे नाव हुद्द्याची पाटी. युद्धानंतर, १९४७ मध्ये ती घराणेपद्धत कायद्यातून गेली आणि सगळी मुलं समान वारस झाली. दुसरं कारण त्याहून साधं. २०२३ मध्ये जपानचा जननदर बाईमागे १.२० होता. एकच मूल असताना त्याला पहिला म्हणायचं कशासाठी? जुरो आणि योइची यांची तर गोष्टच सोडा, साबुरोसुद्धा आता मिळणार नाही. आणि तिसरं कारण तो नमुन्याचा अर्ज. नाव सर्वांचं झालं की ते कुणाला द्यावंसं वाटत नाही.

आजच्या आईबापांना हवं असतं ते वेगळेपण, आणि ते चिन्हांच्या खेळातून काढतात. नावासाठी कोणतीही चिन्हं चालत नाहीत. १९४८ पासून यादी ठरलेली आहे, आज नेहमीच्या वापरातली २१३६ आणि त्याखेरीज फक्त नावांसाठी राखलेली ८६३. पण चिन्ह कसं वाचायचं यावर अलीकडेपर्यंत बंधन जवळजवळ नव्हतं. ‘मोठा’ आणि ‘भरारी’ ही दोन चिन्हं जोडून कुणी हिरोतो वाचतं, कुणी हारुतो, कुणी यामातो, तर कुणी त्सुबासा. शिक्षक हजेरी घेताना घाबरतात. १९९३ मध्ये तोक्योजवळच्या आकिशिमा शहरात एका बापाने मुलाचं नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, ठेवायचा हट्ट धरला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. नोंदवहीत नुसती चिन्हं असत, उच्चार नसे; २६ मे २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने उच्चारही नोंदवायचा आणि तो सर्वसाधारणपणे मान्य असणारा हवा, असं ठरलं. आपल्याकडे रेयांश, कियांश, अयांश यांचा जो सुळसुळाट झाला आहे तो पाहता तिथल्या कारकुनांबद्दल मला आस्था वाटते. वेगळं म्हणून ठेवलेली ही नावं एका वर्गात चार-चार निघतात.

तारो सगळा गेला असंही नाही. शेपूट म्हणून तो जोरात आहे: केन्तारो, रिन्तारो, कोतारो. थोरलेपणाचा अर्थ मात्र गळून पडला. दुसऱ्या मुलालाही सर्रास लावतात. बेसबॉलपटू इचिरो सुझुकी याच्या नावात ‘पहिला’ ऐकू येतो, पण तो घरातला धाकटा, आणि त्याच्या नावातला ‘रो’ मुलग्याचा नसून ‘प्रसन्न’ या अर्थाच्या चिन्हाचा. कुत्र्यांनीही नाव राखलं. १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या जपानी तळावर बर्फामुळे साखळीला बांधलेली १५ कुत्री मागे सोडून माणसांना परतावं लागलं. पुढच्या जानेवारीत पथक पुन्हा पोचलं तेव्हा दोन जिवंत होती, तारो आणि जिरो. या बातमीने देश रडला होता.

चित्रकार-शिल्पकार ओकामोतो तारो (ओसाकाच्या १९७० च्या जागतिक प्रदर्शनातला सूर्यमनोरा त्याचा) सोडला तर आज ठळक तारो दिसतात ते राजकारणात. माजी पंतप्रधान आसो तारो, कोनो तारो, यामामोतो तारो. यात व्यवहारही आहे. जपानी निवडणुकीत चिन्हावर शिक्का नसतो; मतदाराला उमेदवाराचं नाव पेन्सिलीने स्वतः लिहावं लागतं. अशा वेळी पहिलीतल्या मुलालाही येईल असं नाव असलं तर बिघडतं कुठे? योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डातून निवडून आले, तेव्हा त्यांनी प्रचारात आणि मतपत्रिकेसाठी नाव केलं होतं सुटसुटीत दोन अक्षरी: योगी, तेही मुलांच्या सोप्या लिपीत.

त्याच एदोगावात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि त्यात पुण्याहून जपानी शिकून गेलेली बरीच. तिकडे मूल झालं की मला फोन येतो तो नावासाठी. जपानीत ‘ल’ नाही आणि ‘व’ही धड नाही. विशालचा बिशारु होतो, राहुलचा राफुरु. मग म, न, क, त, य असलेली नावं शोधायची. त्यात वेळेचं गणित असतं. आपल्याकडे जन्म २१ दिवसांत नोंदवायचा आणि नाव नंतर वर्षभरात सावकाश घातलं तरी चालतं. जपानमध्ये जन्माची नोंद १४ दिवसांत, परदेशी कुटुंबालाही. खुद्द जपान्यांचं बारसं सातव्या रात्री होतं, कागदावर नाव लिहून भिंतीला लावतात. त्यांना १४ दिवस पुरतात. पुण्याच्या आजीला मात्र बारावा दिवसच हवा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे सदाशिव पेठेतल्या आजीने तो सोडला नाही. पुण्यात दुपार, तिकडे संध्याकाळ. आत्याने कोथरूडच्या घरातून व्हिडिओ कॉलवर बाळाच्या कानात कुर्र केलं, म्हणजे फोन कानाशी धरला. दोन दिवस हातात उरले होते. दुसऱ्या दिवशी बाप वॉर्ड कचेरीत गेला आणि परदेशी नावांच्या लिपीत नाव लिहून दिलं. नावाच्या शेवटी ‘र’ होता. काउंटरवरच्या बाईंनी खात्री करायला ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि दोन्ही वेळा ‘रु’ म्हणाल्या. आजीला ते लाडाचं वाटलं, आणि आता घरात सगळे तसंच म्हणतात.